काशिनाथभाऊची दोन जास्तीची बोटं

आईची शपथ घेऊन सांगतो, खाली लिहिलेलं सगळं जसं घडलं तसंच आहे. मी डोळ्यांनी पाहिलं आहे! आता, पहिला किस्सा घडला त्या दिवशी मी एका लग्नासाठी भंडाऱ्याला होतो, ही गोष्ट वेगळी. आणि दुसरा घडला तेव्हा माझी पाठ होती. पण पाहिलं म्हणजे पाहिलं.

नेमबाजीच्या क्लबात दोन गोष्टी साठतात. एक गोळ्यांच्या रिकाम्या पुंगळ्या आणि दुसरे किस्से. पुंगळ्या निदान संध्याकाळी झाडून बादलीत भरता येतात. किस्से मात्र वर्षानुवर्षं पायात येत राहतात.

आमचा क्लब सक्करदऱ्याच्या पलीकडे होता. सत्तर सालाच्या आसपास तिकडे वस्ती संपून बाभळी सुरू व्हायच्या. गिट्टीची एक बंद पडलेली खदान, तिच्या पोटात मातीचा उंच बांध, बांधापुढे टार्गेटं आणि पंचवीस मीटर अलीकडे टिनाचं शेड. मी एका शाळेत ड्रॉइंग मास्तर. क्लबाचा चिटणीसही मीच, कारण माझं अक्षर चांगलं होतं आणि नेम इतका वाईट होता की मला दुसरं काही देणं धोक्याचं होतं!

शिकवायला सुभेदार रामटेके. फौजेतून निवृत्त झालेले, मिशी पांढरी, पाठ सरळ. आल्याबरोबर 'जयभीम' आणि त्यानंतर दोन तास फक्त हुकूम. पिस्तुलावर हात बसलेले सभासद दोनच. एक काशिनाथभाऊ पराते, लकडगंजात लाकडं कापायच्या आरा मशीनवर कामाला. दुसरा गुणवंत, भिवापूरहून मिरची आणून विकणारा. क्लबाचं चांगलं पिस्तूल एकच, आणि जिल्ह्याजिल्ह्यांच्या सामन्याला माणूसही एकच पाठवायचा. पाच वर्षं काशिनाथभाऊच जात होता. गुणवंत पाच वर्षं स्टेशनवर पोचवायला जात होता.

आणि एका दुपारी आरा मशीनने काशिनाथभाऊच्या उजव्या हाताचं पहिलं बोट मुळापासून नेलं. अंगठा वाचला, पण काडीसारखा ताठ झाला.

०००

दवाखान्यात काशिनाथभाऊ भिंतीकडे तोंड करून पडलेला. भेटायला येणारा जो तो एकच म्हणत होता, "बिचारा! आता काय करते गा हा?"

सुभेदार आले. संत्री नाहीत, फुलं नाहीत. स्टूल ओढून बसले आणि बँडेज बांधलेला हात असा उचलून पाहू लागले, जसं शिपायाची रायफल तपासतात.

"कोणतं गेलं?"

"चाप ओढायचंच गेलं ना साहेब," काशिनाथभाऊ म्हणाला.

"अंगठा सोडून बाकी किती हैत?"

"तीन."

"चाप ओढायले किती लागतात?"

"एक."

"मंग रडून काहून राह्यला?" सुभेदार उठले. "दोन तं जास्तीचेच हैत!"

काशिनाथभाऊ हसला नाही. पण सुमनवहिनी, त्याची बायको, सांगत होती की त्या दिवशी पहिल्यांदा त्याने भिंतीकडची कूस बदलली.

०००

क्लबाचा एक नियम होता, तो इथेच सांगून ठेवतो. दर हिवाळ्यात चाचणी. दहा गोळ्या, शंभर गुण. सत्तरच्या खाली गेला त्याचं नाव पिस्तुलाच्या यादीतून कायमचं बाहेर. पुढल्या वर्षी पुन्हा बघू वगैरे काही नाही. सुभेदार म्हणायचे, "गोळीले पुढलं वर्स नसते."

चाचणीला आठ महिने होते.

शहाण्या माणसाने करावं तेच काशिनाथभाऊने केलं. डाव्या हातात पिस्तूल घेतलं. डावा हात ठणठणीत, पाचही बोटं हजर! पण त्याचा नेम धरायचा डोळा उजवा. पिस्तूल डावीकडे आणि डोळा उजवीकडे, त्यामुळे मान वाकडी करून तो असा पाहायचा, जशी कोंबडी दाण्याकडे पाहते.

शेजारच्या जागेवर गुणवंत उभा. दोघांनी दहा-दहा गोळ्या झाडल्या. सुभेदारांनी "सीज फायर" म्हटलं, पिस्तुलं टेबलावर ठेवली आणि सगळे बांधाकडे चालत गेले.

काशिनाथभाऊचं टार्गेट कोरं करकरीत. एक भोक नाही! बिचारा तिथेच मटकन खाली बसला.

आणि शेजारी गुणवंत आपल्या टार्गेटकडे टक लावून उभा. त्याच्या टार्गेटवर वीस भोकं. त्याची नेहमीची दहा इकडेतिकडे सांडलेली आणि मधोमध दुसरी दहा, मूठभर जागेत!

वाकड्या मानेने पाहता पाहता काशिनाथभाऊने इमानेइतबारे शेजारच्याचं टार्गेट फोडलं होतं.

गुणवंत हळूच म्हणाला, "वा गा भाऊ! बोट तुझं गेलं, अन् नेम माझा सुधरला!"

ते टार्गेट त्याने घरी नेलं. पुढे कितीतरी वर्षं ते त्याच्या दुकानात मिरचीच्या पोत्यांच्या वर टांगलेलं होतं. गिऱ्हाइकाने विचारलं तर सांगायचा, "पार्टनरशिपमधलं हाय."

सुभेदारांनी मात्र डाव्या हाताचा विषय तिथेच बंद केला. "हात बदलवता येते. डोळा कसा बदलवशीन? उजव्यातच धर."

०००

उजव्यात धरायचं म्हणजे मधलं बोट चापावर. बरं. पण मग मुठीत उरली किती? दोन, आणि तीही शेवटची, अशक्त. पिस्तूल उचललं की नळी खाली मान घालायची, नव्या सुनेसारखी.

सुभेदारांनी इलाज सांगितला. मूठ बदला. त्याच्या उरलेल्या हाताच्या मापाची लाकडी मूठ कोरायची आणि पिस्तुलाला बसवायची. लकडगंजातल्या माणसाला लाकडाची काय ददात? अडचण मापाची होती. हाताचा साचा घ्यायचा कशात?

काशिनाथभाऊने सुमनवहिनीला कणकेचा घट्ट गोळा मळायला सांगितला. त्यात हात रुतवून पाच मिनिटं बसला. सुरेख साचा उठला! प्रत्येक बोटाची खाच, जिथे बोट नव्हतं तिथला उंचवटा, ताठ अंगठ्याची रेघ. तो साचा ताटलीत ठेवून, फडक्याने झाकून, भाऊ ड्यूटीवर गेला.

संध्याकाळी आला तर ताटली रिकामी.

"सुमन, साचा कुठं हाय वं?"

"कोणता साचा?"

"तो कणकेचा!"

वहिनीने चुलीकडे बोट दाखवलं. गोवऱ्यांच्या निखाऱ्यावर रोडगे भाजत होते. त्यातला एक जरा वेडावाकडा होता.

काशिनाथभाऊ कपाळाला हात लावून बसला. वहिनीने तो रोडगा फोडला, तूप सोडलं, सोबत वांग्याची भाजी वाढली आणि म्हणाली, "घ्या. तुमचीच मूठ हाय, खाऊन घ्या. अन् माप पायजे होतं तं मले विचारायचं ना! चौदा वर्सं ह्याच हातात हात हाय माहा. कुठं आवळते अन् कुठं सैल पडते, मले तोंडपाठ हाय!"

सांगायची गोष्ट म्हणजे, पुढच्या तिन्ही मुठी कोरताना वहिनी समोर बसायची आणि म्हणायची, "इथं अजून घासा. इथं तुमचा हात दुखत असंन." आणि तिथेच दुखत असायचं.

०००

पहिली मूठ सागवानाची. घाम आला की निसटायची. दुसरी शिसवाची. जड झाली. तिसरी जमली, पण ताठ अंगठ्याला टेका लागत होता आणि तो टेका काही केल्या बसेना. कडा टोचायची, नेम सरकायचा.

काशिनाथभाऊचे वडील उमरेडला विणकर. साऱ्या आयुष्यात हातमागाशिवाय कशाला हात लावला नाही. डोळे गेल्यावर माग बंद केला होता. मुलाने मूठ त्यांच्या हातात दिली. म्हाताऱ्याने ती चाचपली. मग मुलाचा हात चाचपला. जिथे बोट नव्हतं तिथे त्यांचा अंगठा बराच वेळ थांबला. मग उठून भिंत धरत आत गेले आणि जुना धोटा घेऊन आले. मागावर इकडून तिकडे फेकतात तो. हातात फिरून फिरून काचेसारखा गुळगुळीत झालेला.

"याचा टेका कर. टोचनार नाई."

"बाबा, तुमचा धोटा कापू?"

"माग इकला. आता धोट्याले काय पूजेत ठेवतो?" मग म्हणाले, "पन मले एक सांग. माहा धोटा जाते अन् वापस येते. तुही गोळी वापस येते का गा?"

"नाही, बाबा."

"मंग कापड कसं व्हते?"

भाऊ निघताना म्हातारा दुसरं एक बोलला, ते सुभेदारांनी ऐकल्यावर मला शेडच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात रंगवायला लावलं: 'धागा जोरानं नाई तुटत. घाईनं तुटते.'

पहिल्याच दिवशी त्याखाली उभं राहून गुणवंताने घाईत चाप ओढला आणि शेडच्या छपराला भोक पाडलं. पावसाळ्यात नेमकं त्या अक्षरांवरच पाणी गळायचं!

०००

पिस्तूल क्लबाच्या कपाटात कुलूपबंद. घरी सराव करायचा तर कशाने? काशिनाथभाऊने कोळशाची इस्त्री शोधली. पितळी, चांगली वजनदार. रोज संध्याकाळी रस्त्याच्या कडेला ओट्यावर उभं राहायचं, इस्त्री धरून उजवा हात सरळ खांद्याच्या रेषेत पुढे करायचा आणि मनातल्या मनात शंभरपर्यंत मोजायचं.

पहिल्याच दिवशी सतराव्या आकड्याला समोर सायकलरिक्षा येऊन थांबली.

"किधर जाना है भाऊ?"

"कुठी नाई."

"तो हात कायको दिखाया?"

दुसऱ्या दिवशी दोन रिक्षा. तिसऱ्या दिवशी एक टांगा, आणि टांगेवाला इस्त्रीकडे पाहून म्हणाला, "कपडे देने का है तो परीट का घर पीछे है!"

काशिनाथभाऊने हात काही खाली घेतला नाही. महिना गेला. सत्तरपर्यंत आला, ऐंशीपर्यंत आला. त्यातला एक रिक्षावाला इतका रुळला की रोज त्याच वेळेला ओट्यासमोर रिक्षा लावायचा, मागच्या सीटवर पाय पसरायचा आणि म्हणायचा, "आरामसे करो भाऊ. सौ हुआ तो उठा देना. अपना भी थोडा आराम हो जाता."

ज्या दिवशी शंभर पूर्ण झाले, त्या दिवशी त्याने भाऊला रिक्षात बसवून फुकट एक चक्कर मारून आणली. इस्त्रीसकट!

०००

तरीही गुण काही पंचावन्नच्या वर जाईनात. मूठ जमली, हात टिकला, मधलं बोट चाप ओढायला शिकलं. पण गोळ्या पसरायच्या. चाचणीला महिना राहिला होता. भाऊ एकदा शेडमध्ये मला म्हणाला, "मास्तर, आरा मशीनवर आता मले कोनी उभं करत नाई. फळ्या मोजायले बसवलं. हे पिस्तूलबी गेलं, तं मी फक्त मोजनारा राहीन."

मी चहा पुढे केला.

त्या रविवारी गुणवंत थेट दुकानातून आला. भिवापूरची नवी मिरची उतरवून. हात धुतले म्हणाला, पण कसले धुतले! त्याने पिस्तूल हाताळलं, ठेवलं. काशिनाथभाऊने उचललं, कपाळाचा घाम पुसला, डोळा पुसला आणि खलास! डोळ्यातून धारा.

"साहेब, काही दिसून नाई राह्यलं!"

"काहीच नाई?"

"टार्गेट तं नाईच. नुसती माशी दिसून राह्यली." माशी म्हणजे नळीच्या टोकावरचा तो दाण्याएवढा लोखंडी उंचवटा, ज्यावरून नेम धरतात.

सुभेदारांची मिशी हलली. "बस. तेवढीच पाह्य. चालव."

रडत रडत भाऊने दहा गोळ्या झाडल्या. एकोणऐंशी!

"सात महिने मी काय सांगून राह्यलो?" सुभेदार ओरडले. "टार्गेटकडे पाहू नोको, माशीकडे पाह्य! माहं नाई ऐकलं, मिरचीचं ऐकलं!"

पुढच्या रविवारी गुणवंत शेडमागे गेलेला दिसला. परत आला तो डोळे लाल, नाक लाल. कोणाला न सांगता त्याने खिशातून मिरची काढून स्वतःच्या डोळ्याला लावली होती. सुभेदार म्हणाले, "माशी दिसते का?"

गुणवंत हात पुढे करून टेबल चाचपत होता. "माशीचं सोडा साहेब, पिस्तूल कुठं हाय तेवढं सांगा!"

०००

आता चाचणी.

थंडी पडलेली, बांधावर कोवळं ऊन. सुमनवहिनी डबा घेऊन बाभळीखाली बसलेली. काशिनाथभाऊ एकटा लाइनवर. सत्तरच्या खाली गेला तर नाव कायमचं जाणार आणि सामन्याला गुणवंत जाणार, हे सगळ्यांना ठाऊक. म्हणून कोणी कोणाकडे पाहत नव्हतं.

पहिल्या नऊ गोळ्या ठीक गेल्या. ठीक म्हणजे काय, ते लांबून कळत नव्हतं. दहाव्या वेळी मधल्या बोटात पेटका आला. भाऊने हात वर केला, खाली घेतला. नियमात बसतं ते. पुन्हा वर, पुन्हा खाली. सहा वेळा. सुभेदार हातातल्या घड्याळाकडे पाहत होते.

सातव्या वेळी भाऊने पिस्तूल टेबलावर ठेवलं, उजवा हात डाव्या काखेत धरून उबवला, वहिनीकडे एकदाही न पाहता पुन्हा उचललं आणि गोळी सुटली.

सुभेदारांचा एक रिवाज होता. टार्गेट वाचायला पाठवायचा तो माणूस, ज्याचा फायदा नेमबाज नापास होण्यात आहे. ते म्हणायचे, "दोस्ताचा डोळा ओला असते. दुश्मन बरोबर मोजते." आणि वाचणाऱ्याचा शब्द अखेरचा. मागून कोणी तपासायला जायचं नाही, टार्गेट तिथेच फाडून टाकायचं.

म्हणजे गुणवंत.

गुणवंत चालत गेला. आम्ही शेडमधून त्याची पाठ पाहत होतो. त्याने बोट ठेवून मोजलं. पुन्हा मोजलं. मग तिथूनच ओरडला, "नऊ भोकं! चौसष्ट!"

वहिनी उठून उभी राहिली. काशिनाथभाऊने पिस्तुलावरचा हात काढला आणि कोरलेल्या मुठीवरून एकदा फिरवला.

गुणवंत अजून तिथेच होता. खाली वाकला. खिशातून भिंग काढलं. नऊ गुणांच्या गोलातल्या भोकाला डोळा लावून इतका वेळ उभा राहिला की बांधावरचं ऊन सरकलं. मग सरळ झाला.

"हे भोक एका गोळीचं नाई!" तो ओरडला. "एकातून दुसरी गेली! त्र्याहत्तर!"

आणि टार्गेट टराटरा फाडून टाकलं.

सुभेदारांनी विचारलं, "पक्कं?"

"पक्कं."

सुभेदारांनी वहीत त्र्याहत्तर लिहिलं. सामन्याला काशिनाथभाऊ गेला. गुणवंत नेहमीप्रमाणे स्टेशनवर पोचवायला आला, आणि सोबत मिरचीची एक पुडी दिली.

आता शपथेचं काय ते. एवढं सगळं सांगितलं त्यात एक गोष्ट मी बनवली आहे, आणि ती कबूल केल्याशिवाय मला हा कागद खाली ठेवता येत नाही. रिक्षावाला खरा आहे. रोडगाही खरा. खोटा आहे तो गुणवंताचा बांधापर्यंतचा फेरा. तो गेलाच नाही, टार्गेट मी वाचलं. सुभेदारांनी नाव पुकारलं तेव्हा तो बाकावरून उठलाच नाही. त्याने माझ्या हातात भिंग दिलं आणि खालच्या आवाजात म्हणाला,

"मास्तर, तू जाय ना गा. मी गेलो तं मले नऊच दिसतीन."